ठिगळाखालचा पत्रा: एका जुन्या फियाटचे सदोष वेल्डिंग उतरवताना

छत्रपती संभाजीनगरातल्या एका गॅरेजमध्ये उभी असलेली ही फियाट 1100 डिलाइट दुरून पाहिली तर धडधाकट वाटते. प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून बनवलेली ही गाडी पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचली. हिचा रंग अजून तुकतुकीत आहे आणि दरवाजेही नीट लागतात. मात्र मिस्त्री दरवाज्याखालच्या उंबरठ्यावर हातोडीने हलकेच ठोकत पुढे सरकतात, तेव्हा खणखणीत येणारा आवाज मध्येच बद्द होतो. तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पुट्टी खरवडली की एकावर एक बसवलेली ठिगळे दिसू लागतात.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. फरशी, उंबरठे, खांब आणि छत यांचे पत्रे एकमेकांना जोडूनच तिचा सांगाडा तयार होतो आणि इंजिनापासून प्रवाशांपर्यंतचा सगळा भार याच पत्र्यांवर येतो. त्यामुळे उंबरठ्यावरचे कच्चे वेल्डिंग हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही; गाडीची ताकदच तिथे तुटलेली असते.

ही ठिगळे लावणाऱ्यांना दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे, त्या काळात जिल्ह्याच्या गावी बॉडीचा तयार पत्रा मिळणे कठीण होते. ज्या वेल्डरने सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली जोडली, त्याच्याकडेच दुपारी फियाट येई, आणि हाताशी असलेला 3.15 मिलिमीटर जाडीचा वेल्डिंगचा रॉड तो सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर चालवी. त्याने गाडी रस्त्यावर ठेवली, हे खरेच आहे. पण इतक्या पातळ पत्र्याला तो ताप सोसत नाही. पत्र्याला भोक पडते, ते बुजवण्यासाठी आणखी धातू ओतला जातो, आणि शेवटी वरून जाडजूड दिसणारी वेल्डिंगची रेघ आतल्या पत्र्यात मुरलेलीच नसते. त्यातच ठिगळ गंजावर बसवले असेल, तर दोन पत्र्यांच्या फटीत अडकलेली ओल मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यातही सहज सुटत नाही आणि गंज आतल्या आत पसरत राहतो.

म्हणून कापण्याआधी मोजमाप होते. गाडी सपाट जमिनीवर भक्कम आधारांवर घेतली जाते, दरवाज्याच्या चौकटीचे कर्ण टेपने मोजून लिहून ठेवले जातात आणि चौकटीत चौकोनी पाइपचा आडवा आधार बसवला जातो. हे न करता उंबरठा कापला, तर गाडी मध्ये बसते आणि पुढे कितीही सुबक वेल्डिंग केले तरी दरवाजा जागेवर येत नाही. बॅटरी सोडवली जाते, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवली जाते आणि फरशीवरचा डांबरी थर खरवडला जातो, कारण ग्राइंडरच्या ठिणगीने तो पेट घेऊ शकतो.

आता प्रत्यक्ष काम. मिस्त्री ग्राइंडरला एक मिलिमीटर जाडीचे कटिंग व्हील लावतात आणि वेल्डिंगच्या रेघेच्या मधोमध न जाता ठिगळाच्या अंगाने कापतात. चूक झालीच तर ती टाकाऊ पत्र्यात व्हावी, मूळ पत्र्यात नव्हे, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. उरलेला उंचवटा फ्लॅप डिस्कने, म्हणजे घासकागदाच्या पाकळ्यांच्या चकतीने, थोडा थोडा उतरवला जातो. पत्रा निळसर होऊ लागला की हात थांबतो, कारण तापलेला पातळ पत्रा वाकडा होतो. घासता घासता एका क्षणी दोन पत्र्यांमधली केसाएवढी काळी रेषा उमटते. तिच्यात पातळ छिन्नी सरकवून ठिगळ उचलले जाते. मदतीला असलेला मुलगा वाकून पाहतो आणि म्हणतो, ‘उस्ताद, याच्या खाली अजून एक पत्रा हाय.’

घासताना मध्येच पिवळी झाक दिसली, तर तिथे पूर्वी पितळेचे वेल्डिंग झालेले आहे. हा भाग पूर्ण कापून काढणेच योग्य, कारण पितळ उरलेल्या जागी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणारे) वेल्डिंग केले की पितळेतले तांबे पोलादात शिरते आणि जोड तडकतो. ठिगळ जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पत्र्याचे असेल, तर ते गॅसच्या ज्योतीने सोडवू नये. जस्त साधारण 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याचा धूर छातीत गेलेल्या माणसाला काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. अशी जागा यंत्रानेच, मास्क लावून आणि उघड्या हवेत कापावी.

ठिगळे संपल्यावर कारखान्यातले मूळ जोड लागतात. हे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके असतात आणि पत्रा चकचकीत घासला की फिकट खळग्यांसारखे दिसतात. त्यांच्या मध्यावर पंचने खूण करून आठ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने फक्त वरचा पत्रा कापायचा असतो. ड्रिल संथ चालवावे लागते. खालच्या पत्र्याला भोक न पडता वरचा सुटला, तर नवा भाग बसवायला मूळची कड जशीच्या तशी मिळते.

किती कापायचे, हा निर्णय सर्वांत अवघड असतो. जुलै 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतली वेगळी नोंदणी मिळू शकते आणि त्यासाठी गाडी मूळ रूपात जपलेली असावी लागते. तरीही केवळ मूळ आहे म्हणून चाळणी झालेला पत्रा ठेवणे धोक्याचे आहे. टोच्याने दाबल्यावर जिथे पत्रा आत जात नाही आणि घासल्यावर खड्ड्यांशिवाय स्वच्छ पोलाद दिसते, तिथपर्यंत कापावे. त्यापुढे एक बोटही नाही.

काढलेले तुकडे या गॅरेजमध्ये भंगारात जात नाहीत. नव्या पत्र्याची घडी आणि भोकांच्या जागा त्यांवरूनच घेतल्या जातात. डाव्या बाजूचा नवा उंबरठा आधी वेल्डिंगच्या फक्त तुरळक टाक्यांनी धरला जातो, कर्ण पुन्हा मोजले जातात, दरवाजा बसवून लावून पाहिला जातो आणि मगच पक्के वेल्डिंग होते. ते पुरे होईपर्यंत उजव्या बाजूला ग्राइंडर लावला जात नाही.