ट्रोडोस: तांब्याचा डोंगर

नमस्कार, श्रोतेहो. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर ट्रोडोस नावाची पर्वतरांग आहे. ऑलिम्पस हे तिचं सर्वांत उंच शिखर, १९५२ मीटर. हा अख्खा डोंगर एके काळी समुद्राचा तळ होता. पुन्हा सांगते, समुद्राचा तळ! सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी घडलेला तो तळ भूपट्टांच्या रेट्यानं वर आला. माथा झिजत गेला, तसा सगळ्यांत खोलचा खडक शिखरावर उघडा पडला. पाण्यात थिजलेला लाव्हा मात्र पायथ्याशी राहिला. शाळेत भूगोल म्हणजे नुसते नकाशे भरणं झालंय. मुलांच्या हातात आधी दगड द्यावा, असं माझं ठाम मत आहे. असो.

त्या तळावरच्या उष्ण झऱ्यांनी तांबं साठवलं होतं. ते खणायला माणसं चार हजार वर्षांपूर्वीच तिथे पोचली.

आता गॅलेनची गोष्ट ऐका. हा पर्गॅमम या प्राचीन ग्रीक शहराचा वैद्य, पुढे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसवर उपचार करणारा. दुसऱ्या शतकात तो औषधी खनिजं शोधत सायप्रसला आला. खाणी सम्राटाच्या, राखण कडक. पण गॅलेनचा एक वजनदार मित्र खाणींच्या अधिकाऱ्याच्या ओळखीचा होता, म्हणून वाट मोकळी झाली. सोली या बेटावरच्या प्राचीन शहराजवळच्या खाणीत तो स्वतः उतरला. आत स्नानगृहासारखी ऊब, कोंदट हवा, आणि बोगद्याच्या टोकाशी हिरवं, कोमट पाणी साचलेलं. गुलाम ते पाणी घड्यांत भरून बाहेर आणत. अंगावर कपडा नाही, आत श्वास घेववत नाही, म्हणून घडा घेऊन धावतच सुटायचे. बाहेर हौदात ते पाणी आटलं की खडे धरत. द्राक्षबागांवर फवारायला आपण चुन्यात मिसळतो ना, तोच मोरचूद! गॅलेननं हे सगळं लिहून ठेवलं, त्या धावणाऱ्या माणसांसकट. सम्राटांच्या सनावळ्या पाठ करण्यापेक्षा हे एक पान मला मोलाचं वाटतं.

वर डोंगरात भित्तिचित्रांची दहा जुनी चर्चं जागतिक वारसा यादीत आहेत. बर्फ घसरून जावं म्हणून त्यांतल्या बहुतेकांची छपरं उतरती, लाकडी. आसिनूच्या चर्चमधली सर्वांत जुनी चित्रं ११०५-०६ सालची.

आणि सोलीजवळची ती खाण? तिचं आजचं नाव स्कूरियोतिसा. आपल्या काळातही तिथे खनिजाच्या ढिगांवर आम्ल सोडून, निथळलेल्या पाण्यातूनच तांबं काढलं गेलं.