करप्शन: तुटणं आणि नासणं

नमस्कार, श्रोतेहो. ‘फाईल करप्ट झाली’ म्हणतो, तसंच ‘कारभार करप्ट आहे’ असंही म्हणतो आपण. शब्द एकच, आणि दोन्हीकडे अगदी बरोबर बसतो. लॅटिनमध्ये ‘रुम्पेरे’ म्हणजे मोडणं, तोडणं. त्याला जोर आणणारा उपसर्ग लागून ‘कोर्रुम्पेरे’ झालं: पार मोडणं, नासवणं, लाच देऊन फितवणं. बँकरप्ट, इंटरप्ट, अब्रप्ट ही त्याच घरातली भावंडं. तेव्हा मूळ अर्थ तुटण्याचा, हे ध्यानात असू द्या. तुटण्याचा.

तुटण्यातून नासणं कसं आलं? दूध नासलं की आपणही ‘फाटलं’ म्हणतोच ना! आंबूस दूध तापवलं की गुठळ्या एकीकडे, पाणी एकीकडे. एकजीव होतं ते सुटं होतं. आणि हो, ते नासकवणी मोरीत ओतू नका. त्यात कणीक मळा, पोळ्या मऊ होतात. तर इंग्रजीत हा शब्द १४व्या शतकात आला तो प्रेत कुजणं आणि मन बिघडणं, असे दोन्ही अर्थ घेऊनच.

आता फ्रान्सिस बेकनची गोष्ट ऐका. इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर, म्हणजे थोर न्यायाधीश. १६२१ साली त्याच्यावर लाचखोरीचे आरोप आले. तक्रार कोणाची? पैसे देऊनही खटला हरलेल्यांची! ऑब्रीनं १०० पौंड दिले होते, एगर्टननं ४०० पौंड. निकाल दोघांच्याही विरुद्ध गेले. आरोप वाढत वाढत २८ झाले. बेकननं लेखी कबुली दिली: मी करप्शनचा दोषी आहे. ही सही तुमचीच का, हे विचारायला संसदेच्या वरच्या सभागृहातले उमराव घरी आले. तो म्हणाला, ‘कृती माझी, हात माझा, हृदयही माझं. या मोडक्या बोरूवर दया करा.’ मोडक्या बोरूवर! करप्शनच्या कबुलीपाठोपाठ तोंडी शब्द आला तो मोडण्याचाच. ४०,००० पौंड दंड, लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैद, पदबंदी. कैद काही दिवसांत सुटली, दंडही राजानं माफ केला. पद मात्र गेलं ते गेलंच. पुढे १६२६ साली, असं सांगतात, थंडीनं मांस कुजायचं थांबतं का हे पाहायला त्यानं कोंबडीत बर्फ भरला, त्यात गारठला आणि गेला. तेव्हाच्या इंग्रजीत ते कुजणंसुद्धा करप्शनच.

‘भ्रष्टाचार’ म्हणजे नुसती लाच, असं धरून आपण एका मोठ्या शब्दाला फार लहान केलंय. ‘भ्रष्ट’ आला तो ‘भ्रंश्’ या संस्कृत धातूवरून, म्हणजे जागेवरून ढळणं, घसरून खाली येणं. बुद्धिभ्रंश, स्थानभ्रष्ट, तपोभ्रष्ट, सगळीकडे पडणंच आहे. इंग्रजी करप्शन तुटतं, आपला भ्रष्ट पडतो. इंग्रजीत पडणारा शब्द म्हणजे डेकेडन्स. लॅटिन ‘कादेरे’, म्हणजे पडणं, त्यातून आलेला.