अर्धा तास काही लावू नका

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, जिथं कुठं ऐकताय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. मी बेळगावात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तापाची, पित्ताची गोळी मागणारे येतातच, पण तोंडाला लावायचं काहीतरी द्या म्हणणारेही रोज येतात. "चांगली क्रीम कुठली?" असं विचारतात. मी उलट विचारते, "तुमची त्वचा कशी आहे?" की समोरचं माणूस गप्प!

त्यात लाजण्यासारखं काही नाही. जाहिरातीत ते कोणी सांगत नाही, आणि घरी शोधायला पैसाही लागत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवा, टॉवेलनं हलकेच टिपा आणि अर्धा-पाऊण तास काहीही लावू नका. पावडर नाही, क्रीम नाही, खोबरेल तर नाहीच. चुलीपुढं बसू नका, उन्हात जाऊ नका. मग उजेडात आरशापुढं उभं राहून बघा. गाल ओढल्यासारखे वाटतात, हसताना ताण येतो, नाकाच्या बाजूला पांढरे पापुद्रे दिसतात, तर त्वचा कोरडी. कपाळ, नाक, हनुवटी, गाल सगळंच चकाकतंय आणि पातळ कागद दाबला तर त्यावर डाग उमटतोय, तर तेलकट. कपाळ-नाक चकाकतं पण गाल मात्र कोरडे, तर मिश्र. ही बऱ्याच जणांची असते. यातलं काहीच जाणवलं नाही, तर तुम्ही नशीबवान. आणि काहीही लावलं की चुरचुरतं, लाल होतं, अशी नाजूक त्वचा यांपैकी कुठल्याही प्रकारात असू शकते.

आता आपल्या भागाची एक गंमत बघा. जिल्हा एकच, पण कणकुंबी-जांबोटीला पावसाळ्यात भिंतींना बुरशी चढते आणि तिकडं अथणीला माणसं आभाळाकडं बघत बसतात. खानापूरच्या नणंदेनं सांगितलेली क्रीम अथणीच्या भावजयीला मानवेलच असं नाही. एकाच माणसाचंही तसंच. जूनमध्ये ज्याचं नाक तेलानं चकाकतं, त्याचेच गाल संक्रांतीच्या सुमारास फुटतात. म्हणून ही अर्ध्या तासाची परीक्षा वर्षातून दोनदा तरी करा, एकदा पावसाळ्यात, एकदा थंडीत.

त्वचेचा सगळ्यांत वरचा थर आपल्याकडच्या कौलारू छपरासारखा असतो. मेलेल्या पेशींची कौलं एकावर एक बसलेली आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरची घाण आत घ्यायची नाही, हे त्याचं काम. हा थर किंचित आम्लधर्मी असतो, पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप, साधारण 5 च्या आसपास; आकडा 7 च्या वर गेला की अल्कधर्मी. अंगाच्या साबणाचा पीएच बहुतेक वेळा 9 ते 10. रोज तीन-तीनदा साबणानं तोंड घासलं की मधला स्निग्धपणा निघून जातो. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा थर पुरता निघतही नाही. "साबण लावला की तोंड कसं कोरं करकरीत होतं बघा," असं अभिमानानं सांगणाऱ्या मावशींना मी म्हणते, ती करकर म्हणजे त्वचेची तक्रार हो.

तेव्हा पहिली गोष्ट, धुणं. सकाळी आणि रात्री, दोनदा पुरे. कामावरून घामाघूम आलात तर एकदा जास्त. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत किंवा वडगाव-शहापूरला मागावर काम करणाऱ्यांनी घरी आल्याबरोबर तोंड धुवावं, धूळ आणि तंतू रात्रभर चेहऱ्यावर ठेवू नयेत. कोरड्या त्वचेला फेस कमी येणारा क्लेन्झर, तेलकट त्वचेला जेल. पिंपल्स येत असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेला फेसवॉश चालतो, पण जपून, रोज लावून त्वचा सोलून काढायची नाही.

दुसरी गोष्ट, मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेची माणसं इथंच हात मागं घेतात. "आधीच तेल गळतंय, आणखी कशाला?" पण तेल वेगळं आणि ओलावा वेगळा. तेलकट त्वचेतलंही पाणी उडतं, पिंपल्सची औषधं लावणाऱ्यांचं तर जास्तच. त्यांनी हलकं, जेलसारखं घ्यावं. वेष्टनावर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघावं. कोरड्या त्वचेला ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्या कौलांमधल्या फटी बुजवणारा स्निग्ध पदार्थ) असलेली घट्ट क्रीम. तोंड धुतल्यावर, त्वचा ओलसर असतानाच लावायची, म्हणजे तो ओलावा आत धरून ठेवला जातो. नुसतं ग्लिसरीन मात्र तोंडाला चोपडू नका, पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून पातळ करा.

खोबरेलाबद्दल एक सांगते, रागावू नका. हातापायाला, टाचांना जरूर लावा. पण शाळा-कॉलेजच्या मुलींच्या दोन घट्ट वेण्या आणि त्यांतून कपाळावर उतरलेलं तेल! मग केसांच्या कडेकडेनं बारीक पुटकुळ्यांची रांग उठते आणि आई म्हणते, "उष्णता झालीय." उष्णता नाही वैनी, तेल आहे. रात्री तेल लावून सकाळी केस धुवा, कपाळ पुसा, उशीची खोळ बदलत जा.

तिसरी गोष्ट सनस्क्रीन, आणि इथं मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या बायकांच्या गालावरचं वांग. तपकिरी डाग, बहुधा दोन्ही गालांवर सारखे. गरोदरपणात येतात, काही संततिनियमनाच्या गोळ्यांनी येतात, घराण्यातही असतात, पण त्यांना गडद करतं ते ऊन. महागातली डागांची क्रीम रात्री लावायची आणि दिवसा उघड्या तोंडानं मिरचीच्या रानात जायचं, मग पैसे वाया. एसपीएफ 30 चं (एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती राखण होते त्याचा आकडा) सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा काढून घ्या, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. मटारएवढं लावून गुण येत नाही. नीट लावलं तर त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडतात, पण घामानं ते जातं, म्हणून उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. आता उसाच्या फडात दर दोन तासांनी कोण लावणार? मान्य. तिथं पदर, टॉवेल, रुंद काठाची टोपी हेच खरं सनस्क्रीन. पावसाळी ढगांतूनही किरण येतातच. वांग असेल तर रंग असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन मागा, कारण साधा दिसणारा उजेडही ते डाग वाढवतो.

घरगुती उपायांचं थोडक्यात. दिवाळीचं उटणं छान, फक्त तोंडावर खसाखसा घासू नका. मुलतानी माती तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा चालेल, तडकेपर्यंत ठेवायची नाही. कोरड्या त्वचेनं तिच्या वाटेला जाऊ नये. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यांची जागा चेहऱ्यावर नाही. लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. आणि अण्णा, दाढीनंतर तुरटी घासून गाल लाकडासारखे होत असतील तर तुरटी सोडा, मॉइश्चरायझर घ्या. पुरुषांनाही त्वचा असते.

आता माझ्या काउंटरवरचं दुखणं. पिशवीत गुंडाळलेली, चपटी झालेली ट्यूब समोर येते. "आक्का, हीच द्या की. मावशीच्या लेकीला लागू पडली, रविवारी मुलगी बघायला येणार आहेत." मी चिठ्ठी मागते. "चिठ्ठी कशाला, क्रीमच तर आहे!" ट्यूबवर बारीक अक्षरांत असतं मोमेटासोन, क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. ही स्टिरॉइडं, म्हणजे सूज-खाज दाबणारी जोरदार औषधं आहेत. सुरुवातीला चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो, म्हणूनच फसगत होते. काही महिन्यांत त्वचा पातळ पडते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. सोडली की आणखी भडकतं, म्हणून माणूस पुन्हा लावतो. 2018 मध्ये सरकारनं यांतल्या बऱ्याच औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी एका दुकानात नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात मिळतं.

नवीन काहीही घेतलं तर एका वेळी एकच घ्या. आधी तीन-चार दिवस कानामागं थोडं लावून बघा, खाज-लाली आली नाही तरच तोंडाला. आणि सहा ते आठ आठवडे दम धरा, वरचा थर बदलायलाच महिनाभर लागतो. रेटिनॉलची, म्हणजे अ जीवनसत्त्वाची क्रीम गरोदर बाईनं लावायची नाही, मूल हवं असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

दुखणारे, खोल पिंपल्स, झपाट्यानं पसरणारे डाग, बधिर वाटणारा फिकट चट्टा, यांतलं काही असेल तर दुकानात येऊ नका, त्वचेच्या डॉक्टरांकडं जा. बेळगावात सरकारी बिम्स रुग्णालयातही दाखवता येतं. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. डॉक्टर त्यावरची नावं वाचतील, निम्मं काम तिथंच होईल. नमस्कार.