पन्नास यार्डांच्या मैदानातून : जे ग्रूडन यांची कारकीर्द

मित्रहो, अमेरिकी फुटबॉलच्या प्रशिक्षकांची चर्चा निघाली की जॉन ग्रूडन यांचे नाव आपसूक येते आणि त्यांचे धाकटे बंधू जे ग्रूडन यांचा उल्लेख झालाच तर 'जॉनचा भाऊ' एवढाच होतो. आज बोलायचे आहे ते या धाकट्याविषयी. छपराखालच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे अरीना फुटबॉलमध्ये, त्यांनी आधी क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू म्हणून, आणि मग प्रशिक्षक म्हणून विजेतेपदे मिळवली. तिथे कमावलेले कसब मोठ्या मैदानावर कुठवर पुरले आणि कुठे अपुरे पडले, हे त्यांच्या कारकिर्दीत जितके स्वच्छ दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

आधी हा खेळ समजून घेऊ. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सॉकरचा इनडोअर सामना पाहताना जिम फॉस्टर यांना याची कल्पना सुचली आणि हातातल्या पाकिटावरच त्यांनी मैदानाची आकृती काढली. १९८७ मध्ये चार संघांची लीग सुरू झाली. मैदान ५० यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे नेहमीच्या मैदानाच्या निम्म्या लांबी-रुंदीचे, आणि एका बाजूला ११ ऐवजी ८ खेळाडू. कडेला गादीने मढवलेल्या भिंती, गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना उंच जाळ्या. जाळीवर आपटून परत आलेला चेंडू जिवंतच, आपल्याकडच्या बॉक्स क्रिकेटमध्ये असतो तसा. पंट करण्यास, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेने लांब उडवण्यास, मनाई. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला, स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळ सुरू करण्याच्या) आधीच पुढच्या दिशेने धाव घेण्याची मुभा असते; चेंडू खेळात येतो तेव्हा तो भरधाव असतो आणि समोरचा बचावपटू जागच्या जागी.

याचा परिणाम असा, की या खेळात चेंडू घेऊन धावत यार्डायार्डाने पुढे सरकणे जवळजवळ नाममात्र उरते आणि सगळा भार फेकणाऱ्याच्या हातावर येतो. २००७ पर्यंत बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव दोन्ही करावे लागत. क्वार्टरबॅकला मात्र त्यातून सूट होती. रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सुटला पाहिजे, ही इथली पहिली अट. दंडाच्या ताकदीपेक्षा इथे वेळेचे भान आणि जलद निर्णय मोलाचे ठरतात. माझ्या मते प्रशिक्षकाची शाळा खरी इथेच भरते.

जे ग्रूडन यांचा जन्म १९६७ साली ओहायोतील टिफिन गावी झाला. वडीलही फुटबॉलच्याच व्यवसायात. लुईव्हिल विद्यापीठाकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळल्यावर एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. १९९१ मध्ये पिट्सबर्गचा अरीना संघ टॅम्पाला हलून 'टॅम्पा बे स्टॉर्म' झाला. त्या संघाकडून ग्रूडन यांनी १९९१, १९९३, १९९५ आणि १९९६ अशी चार अरीना बाउल, म्हणजे अरीना लीगच्या अंतिम सामन्याची, विजेतेपदे जिंकली. यातला १९९६ चा अंतिम सामना विशेष पाहण्याजोगा आहे. डे मॉईनमध्ये, प्रतिस्पर्ध्याच्या घरी, स्टॉर्मने आयोवा बार्नस्टॉर्मर्सला ४२-३८ असे हरवले आणि आयोवाचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर. पुढे चार वर्षांच्या आत वॉर्नर सुपर बाउलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. ग्रूडन तोवर प्रशिक्षकाच्या वाटेला लागले होते.

१९९८ मध्ये ते ऑर्लँडो प्रेडेटर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच मोसमात त्यांनी अंतिम सामन्यात आपल्याच जुन्या टॅम्पा संघाला, तेही टॅम्पामध्ये, ६२-३१ अशी धूळ चारली. २००० मध्ये नॅशव्हिलवर ४१-३८ असा विजय मिळवून दुसरे विजेतेपद आले. मग या गृहस्थांनी एक नवलाची गोष्ट केली : प्रशिक्षकपद सोडून २००२ आणि २००३ मध्ये त्याच संघात पुन्हा क्वार्टरबॅक म्हणून उभे राहिले! त्याच काळात जॉन एनएफएलच्या टॅम्पा बे बक्कनीअर्सचे मुख्य प्रशिक्षक होते आणि जे त्यांच्या हाताखाली सहायक. जानेवारी २००३ मध्ये त्या संघाने सुपर बाउल जिंकले. एनएफएलचा हंगाम शरद-हिवाळ्यातला आणि अरीनाचा त्यानंतरचा, म्हणून दोन्हीकडे पाय ठेवणे शक्य झाले. २००४ ते २००८ या काळात ते प्रेडेटर्सचे पुन्हा मुख्य प्रशिक्षक होते.

२००९ चा अरीना मोसमच रद्द झाला. दोन वर्षे यूएफएल या दुसऱ्या एका लीगमध्ये काढून ग्रूडन २०११ मध्ये एनएफएलच्या सिनसिनाटी बेंगल्सचे आक्रमण-समन्वयक, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारे सहायक प्रशिक्षक, झाले. त्या वर्षी मालक-खेळाडूंच्या वादामुळे उन्हाळी सराव बुडाला होता आणि क्वार्टरबॅक अँडी डाल्टन तर नवखा. तरीही संघ सलग तीन वर्षे बाद फेरीत पोहोचला, आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात हरला.

२०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या एनएफएल संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. तिथे क्वार्टरबॅक कर्क कझिन्सने २०१६ मध्ये ४,९१७ यार्ड फेकून संघाचा विक्रम केला. ग्रूडन यांचे आक्रमण-समन्वयक शॉन मॅकव्हे २०१७ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचे मुख्य प्रशिक्षक होऊन पुढे सुपर बाउल जिंकले. फेकण्याची कला ग्रूडन उत्तम शिकवत, यात शंका नाही. पण एनएफएलचा मुख्य प्रशिक्षक बचाव, दुखापती आणि मालकाची मर्जी हे सारे सांभाळतो, आणि ५० यार्डांच्या मैदानावर त्याची तालीम होत नाही. २०१५ चे विभागीय विजेतेपद सोडले तर हाती फारसे लागले नाही. २०१८ मध्ये संघ ६-३ असा पुढे असताना क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथचा पाय मोडला आणि मोसम कोसळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये सलग पाच पराभवांनंतर ३५ विजय, ४९ पराभव आणि एक बरोबरी अशा खात्यावर त्यांना निरोप देण्यात आला.

२०२० मध्ये ते जॅक्सनव्हिलच्या एनएफएल संघाचे आक्रमण-समन्वयक झाले. पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक गार्डनर मिन्श्यूने २० पैकी १९ पास अचूक दिले आणि जॅक्सनव्हिल जिंकले. त्यानंतरचे पंधराही सामने संघाने गमावले.