गॅस मीटरचं कपाट बंद नको

श्रोतेहो, नमस्कार. स्वयंपाकघर नवं करताना भिंतीवरचा गॅस मीटर डोळ्यांत खुपतो. मग त्याच्याभोवती कपाट होतं, घट्ट बसणाऱ्या दाराचं. आज बोलायचं आहे ते या दाराबद्दल.

मीटर स्वतः क्वचितच गळतो. गळतात ते त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधे. युनियनमधला, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या नटाच्या सांध्यातला, वॉशर कडक होतो, पाइपला धक्का बसून आटे सैल होतात, व्हॉल्व्हच्या दांडीपाशी गॅस पाझरू लागतो. समजा, गळती ताशी १ लिटर आहे. उघड्या भिंतीवर, खेळत्या हवेत, एवढा गॅस विरून जातो. पण कपाट ६० सेंटिमीटर उंच, तेवढंच रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल, तर आत १०८ लिटर हवा मावते. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेत साधारण ५ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. इथे त्याला साडेपाच लिटर पुरतात. पूर्ण बंद कपाटात एक रात्र झाली की ती वेळ आली. शिवाय गॅसला मुद्दाम दिलेला वासही दाराआडच कोंडून राहतो.

मीटरचा आकडा हलत नाही, म्हणजे गळती नाही, असं मात्र समजू नका. जी-१.६ या मापाच्या घरगुती मीटरला अचूक मोजता येणारा किमान प्रवाह ताशी १६ लिटर असतो. त्याखालची बारीक गळती त्यात अचूक मोजली जाईलच असं नाही. सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे फुगले, तर तिथे गळती आहे. काडी पेटवून तपासणं हा शुद्ध धोका आहे.

कपाट हवंच असेल, तर झरोके दोन ठेवा: एक अगदी वर, कपाटाच्या छताला लागून, दुसरा तळाशी. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वरून निघतो आणि खालून ताजी हवा आत येते. फक्त खालचाच झरोका ठेवला, तर वरच्या कोपऱ्यात गॅस साचतो. एलपीजी हवेपेक्षा जड, तिथे तळाचा झरोका जमिनीलगतच हवा. झरोके थेट घराबाहेर उघडावेत. जिन्यात किंवा शेजारच्या कपाटात उघडले, तर धोका फक्त जागा बदलतो. आकार गॅस कंपनीच्या नियमाप्रमाणे ठेवा, आणि मोजताना जाळीच्या तारा वजा करून उरलेली मोकळी जागा धरा. बारीक जाळी बरीच जागा खाते, त्यावर धूळ आणि रंगाचा हात बसला की झरोका नावापुरता उरतो.

रेग्युलेटरवरचं छोटं भोकही पाहा. आतला पडदा त्यातून श्वास घेतो. किड्याने मातीचं घर केलं किंवा रंगाने ते बुजलं, तर दाब बिघडतो. ते स्वतः टोकरू नका, तंत्रज्ञाला बोलवा. त्याच कपाटात विजेचा मीटर, स्विच किंवा इन्व्हर्टर नको. झाडू आणि रद्दीही नको, कारण त्या नेमक्या खालच्या झरोक्यापुढे रचल्या जातात.

दार उघडल्यावर वास आला, तर दिव्याचं किंवा एक्झॉस्टचं बटण दाबू नका, चालू असेल ते बंदही करू नका. व्हॉल्व्हची मूठ पाइपला आडवी करा, म्हणजे गॅस बंद. खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर न्या आणि गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन बाहेरूनच करा.