नऊ फटींची जाळी आणि ताऱ्याचा ट्रक

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटावर अजून पुरते ऊन आलेले नाही, पण होम मैदानावर चित्रीकरणासाठी जुन्या गाड्या एकेक करून येऊ लागल्या आहेत. बहुतेक स्वतःच्या चाकांवर आल्या, दोन दोराने ओढून आणाव्या लागल्या, आणि कोपऱ्यातली जीप हँडल मारून सुरू करताना तिच्या मालकाचा सदरा सकाळी सातलाच घामाने भिजला आहे.

क्रीम रंगाची ही लहानखुरी गाडी म्हणजे फियाट ११००. मात्र गॅरेजमध्ये हे नाव घेतले तर मिस्त्री क्षणभर विचारात पडतो, कारण त्याच्या लेखी ती ‘डुक्कर फियाट’ आहे. तिचे पुढचे दार उघडताना नीट पाहावे. बिजागऱ्या मागे, मधल्या खांबावर असल्यामुळे दार उलट्या बाजूने उघडते आणि नऊवारीतल्या आजींनासुद्धा आधी सीटवर टेकून मग पाय आत घेता येतात. धावत्या गाडीत हेच दार सैल राहिले तर वारा ते आणखी उघडतो, ही त्याची दुसरी बाजू. १९६४ मध्ये आलेल्या ‘डिलाइट’ या मॉडेलमध्ये बिजागऱ्या पुढे गेल्या, आणि त्याच गाडीचे पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले.

या गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होत, आणि तो कारखाना उभा करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरातच झाला होता. त्यामुळे या मैदानावर फियाट पाहुणी नाही. ती माहेरी आली आहे, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

सर्वाधिक गर्दी अर्थातच रुंद टायरांच्या जीपभोवती आहे. तरुणांचे मोबाइल टायरांवर रोखलेले असले, तरी जाणकार तिच्यासमोर उकिडवे बसून पुढच्या जाळीच्या फटी मोजतात. नऊ भरल्या तर जाळी दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपची, सात भरल्या तर नंतरच्या नागरी मॉडेलची. इथे नऊ भरल्या. एका बोल्टच्या डोक्यावरचे ग्रीस बोटाने पुसल्यावर ‘एफ’ हे अक्षरही दिसले. फोर्ड कंपनी तिच्याकडे बनलेल्या जीपच्या सुट्या भागांवर ते उमटवत असे. बॉनेटखाली मात्र पेट्रोलच्या मूळ इंजिनाऐवजी डिझेलचे इंजिन धडधडते आहे.

मैदानाच्या टोकाला, कमी गर्दीत, या चित्रीकरणातले सर्वांत देखणे वाहन उभे आहे. ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा आहे, म्हणजे तो टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांच्या १९५४ ते १९६९ या भागीदारीच्या काळातला आहे. अशा ट्रकचे इंजिन, चेसिस आणि दर्शनी पत्रा एवढेच कारखान्यातून मिळत असे. उघड्या चेसिसवर तात्पुरती बैठक करून चालक तो मैलोन्‌मैल चालवत आणत, आणि केबिन, हौदा, फाळका हे सारे स्थानिक सुतार, लोहार आणि रंगारी मिळून उभे करत. म्हणूनच एका गावचा ट्रक दुसऱ्या गावच्या ट्रकसारखा नसे. आज ज्याला हौसेने ‘कस्टम’ म्हणतात, ते काम या माणसांनी रोजंदारीवर केले आणि कुठे स्वतःचे नाव घातले नाही. या केबिनचे दार बंद करताना पत्र्याचा खणखणाट होत नाही, कारण आतली चौकट लाकडी आहे. तिच्या सांध्यात खिळ्याऐवजी खुंटी ठोकलेली आहे.

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. फियाट त्यात बसेल. इंजिन बदललेल्या जीपला ते अवघड आहे, आणि मालवाहू ट्रक तर त्या नियमात येतच नाही.

ट्रकच्या मागच्या फाळक्यावर रंगारी पॉलिश कागद घासतो आहे. हिरव्याखालून पिवळा निघाला, पिवळ्याखालून तपकिरी, आणि तपकिरीवर कुणीतरी ब्रशने लिहिलेल्या ‘सोलापूर’मधली शेवटची तीन अक्षरे. रंगाऱ्याने तेवढ्या भागावर चिकटपट्टी लावली आहे आणि डबा उघडून तो बाकीच्या फाळक्याला प्रायमर मारू लागला आहे.