गोळी घेतल्यानंतरची दहा मिनिटं
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

'एचआयव्हीवरील उपचारांची वाटचाल' असा विषय मला दिलाय. अशा व्याख्यानात पहिल्यांदा नोबेल विजेत्यांचे फोटो येतात. मी मात्र औषधांचे अर्ज हाताळणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंपासून सुरुवात करतो.

साल १९८१. अमेरिकेत पेंटामिडीन हे औषध दुकानात मिळत नसे. न्यूमोसिस्टिस नावाच्या दुर्मीळ न्यूमोनियावर ते चालायचं, पण खप इतका कमी की केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेकडे मागणी करून ते मागवावं लागे. या मागण्या सँड्रा फोर्ड बघायच्या. हा न्यूमोनिया व्हायचा तो प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेल्यांना, म्हणजे कर्करोगाचे रुग्ण, मूत्रपिंड बदललेले लोक वगैरे. त्या वर्षी तरुण पुरुषांसाठी मागण्या येऊ लागल्या आणि प्रतिकारशक्ती का ढासळली, याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं. फोर्डबाईंना ते खटकलं. त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनीही असे पाच रुग्ण टिपले होते; त्यांचा अहवाल ५ जूनला छापून आला. एड्सचा इतिहास आपण त्या तारखेपासून मोजतो. फोर्डबाई डॉक्टर नव्हत्या, संशोधक नव्हत्या. आलेला कागद त्या नीट वाचत होत्या, एवढंच.

आता पॅरिस. जानेवारी १९८३ मध्ये विली रोझेनबॉम या डॉक्टरांच्या एका रुग्णाच्या मानेतली गाठ काढून पाश्चर संस्थेत पाठवली गेली. फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी त्या पेशी वाढवून दर काही दिवसांनी विषाणूची खूण म्हणून एक विकर (एन्झाइम) मोजत होत्या: आरएनएवरून डीएनए उतरवून घेणारं, म्हणजे उलट्या दिशेनं लिहिणारं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. ते दिसलं, वाढलं आणि मग घसरायला लागलं, कारण पेशीच मरत होत्या. हातातला पुरावा डोळ्यांदेखत विरघळत होता. मग रक्तपेढीतून रक्तदात्याच्या ताज्या पांढऱ्या पेशी आणून त्यात घातल्या. विकर पुन्हा वाढलं आणि नव्या पेशीही मरू लागल्या. पेशी मरतात ही प्रयोगातली अडचण नव्हती, तोच आजार होता! मे महिन्यात या विषाणूवरचा, म्हणजे आजच्या एचआयव्हीवरचा, शोधनिबंध आला. नोबेल मिळायला २००८ उजाडलं. त्या रक्तदात्याला आपल्या पेशींचं काय झालं, हे बहुधा कधी कळलंच नसेल.

त्याच १९८३ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात ५बी हा एड्सच्या रुग्णांचा वॉर्ड उघडला. क्लिफ मॉरिसन या परिचारकाच्या पुढाकारानं, स्वतःहून तयार झालेल्या परिचारिका-परिचारकांनी तो चालवला. बाकी ठिकाणी जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून लोक निघून जात होते. इथं पलंगाच्या कडेला बसत, हात हातात घेत. रुग्णाचा जवळचा माणूस कोण, हे रुग्ण सांगेल ते मानत. औषध तेव्हा एकही नव्हतं. या वॉर्डाचं कौतुक करताना सगळे 'माणुसकी' हा शब्द वापरतात. मला तो अपुरा वाटतो. तोंडात फोड आले की माणूस काय गिळू शकतो, रात्री घाम कधी फुटतो, भ्रम कसा सुरू होतो, हे पलंगाजवळ तासन् तास बसल्याशिवाय कळत नाही. ते तिथं बसलेल्यांना कळत गेलं. हेही वैद्यकीय ज्ञानच आहे, फक्त ते सूक्ष्मदर्शकातून आलेलं नाही.

१९८७ मध्ये एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध आलं. मूळचं ते १९६४ साली कर्करोगासाठी बनवलेलं, तिथं नापास झालेलं औषध. दर चार तासांनी गोळी, मध्यरात्रीसुद्धा. एकट्यानं ते फार काळ टिकलं नाही. का टिकलं नाही, ते १९९५-९६ मध्ये डेव्हिड हो, ॲलन पेरेल्सन आणि इतर संशोधकांनी औषध दिल्यावर रक्तातला विषाणू किती वेगानं घटतो ते मोजलं, तेव्हा नीट उमगलं. वर्षानुवर्षं लक्षणं नसलेल्या माणसात विषाणू झोपलेला असतो, असा समज होता. मोजणी सांगत होती की शरीरात दररोज सुमारे दहा अब्ज नवे विषाणू तयार होतात. त्याची जनुकीय संहिता जेमतेम दहा हजार अक्षरांची आणि नक्कल करताना चुका भरपूर. म्हणजे एका औषधाला दाद न देणारी एखादी चूक रोजच कुठेतरी घडत असणार. तीन औषधं एकदम दिली, तर तीनही चुका एकाच विषाणूत जुळाव्या लागतात. ते फार अवघड. तीन औषधांच्या उपचारामागचं गणित हे असं आहे. १९९६ नंतर श्रीमंत देशांत मरणाच्या दारातून माणसं परत येऊ लागली.

पण या गणितात एक अट दडलेली आहे: औषध रक्तात रोज असायला हवं. २००१ मध्ये, आफ्रिकेत हे उपचार द्यायचे की नाही असा वाद चालू असताना, अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे प्रमुख म्हणाले होते की तिथल्या अनेकांना घड्याळाची वेळ कळत नाही, त्यांना गोळ्या देऊन उपयोग काय? २००६ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. गोळ्या नीट घेणाऱ्यांचं प्रमाण सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ७७ टक्के निघालं, उत्तर अमेरिकेत ५५. हैतीतल्या कांज या खेड्यात तर डॉक्टर पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासूनच गावातली माणसं नेमून हे उपचार करून दाखवले होते. ती रोज घरी जात, गोळी देत, दोन शब्द बोलत. त्यांना 'सोबती' म्हणत. घड्याळापेक्षा सोबती जास्त कामाचा, असं निघालं.

आता माझी चूक सांगतो. माझ्याकडे एक गृहस्थ होते, डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध असलेल्या उपचारावर. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, वर्षभर शून्याच्या जवळ होता आणि मग एकाएकी वर आला. मी विचारलं, "गोळ्या चुकवताय ना?" ते म्हणाले, "नाही." बाटली मोजली. जेवढ्या उरायला हव्या होत्या, बरोबर तेवढ्याच होत्या. मोजणीच्या आदल्या दिवशी माणूस जास्तीच्या गोळ्या फेकून देतो, हे मी ऐकून होतो, तेव्हा मला वाटलं हे खोटं बोलतायत. तसं मी तोंडानं म्हणालोही. ते काही बोलले नाहीत. टेबलावरची बाटली उचलून दोन्ही हातांत धरून बसले.

मी औषध बदलायच्या तयारीत होतो. बाहेर आमच्या सिस्टर होत्या, वीस-बावीस वर्षं हेच काम केलेल्या. त्यांनी त्यांना बसवलं आणि विचारलं, "दादा, गोळी घेतली की पुढची दहा मिनिटं काय करता?" गृहस्थ म्हणाले, "गोळीनं पोटात जळजळतं, म्हणून वर लगेच ॲसिडिटीचं पातळ औषध घेतो." झालं. त्या औषधातले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतात. दोन्ही एकदम घेतली, तर रक्तात पोचणारं औषध जवळपास पाऊण भागानं घटतं. हे औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, मी ते शिकवतोही. गोळी ॲसिडिटीच्या औषधाच्या दोन तास आधी, किंवा नंतर घ्यायची झाली तर सहा तासांनी. फक्त मी 'चुकवताय ना' असं विचारलं, आणि त्या प्रश्नाला 'नाही' हे खरं उत्तर होतं.

वेळ बदलली. पुढच्या तपासणीत व्हायरल लोड पुन्हा खाली. मी माफी मागितली. रिपोर्ट घेऊन ते आधी सिस्टरांकडे गेले, मग माझ्याकडे आले. ते बरोबरच होतं.

आता राहिलेलं मोठं कोडं. औषधानं रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली जातो, पण काही पेशींच्या डीएनएमध्ये तो गुपचूप बसून राहतो. औषध थांबवलं की बहुतेकांत काही आठवड्यांतच परततो. तो मेंदूत, आतड्यात, लसिका ग्रंथींत नेमका कुठं कुठं दडतो, हे जिवंत माणसात शोधता येत नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१७ पासून यासाठी एक अभ्यास चालू आहे. दुसऱ्या कुठल्या असाध्य आजारानं अखेरच्या टप्प्यावर आलेली, एचआयव्हीसह जगणारी माणसं त्यात स्वतःहून नाव देतात. अभ्यासातली माणसं त्यांना भेटत राहतात, रक्त घेतात, गप्पा मारतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ऊतींचे नमुने घ्यावे लागतात, म्हणून घरच्यांचा फोन आला की रात्र असो वा सुट्टी, निघावं लागतं. ज्याच्या दंडाला काही दिवसांपूर्वी पट्टा बांधून रक्त घेतलं, त्याच्याकडेच आता नमुन्यांच्या डब्या घेऊन जायचं. डब्यांवर नाव नसतं, क्रमांक असतो. पण डब्या भरणाऱ्या त्या खोलीत नाव सगळ्यांना माहीत असतं.